घड्याळाचं झाकण उघडल्याशिवाय सोन्याचा भाव लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई जवळ आली की आपल्या दैनिकात सोनं खरेदीबद्दल सूचना छापून येतात. हॉलमार्क पाहा, एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा ओळख क्रमांक, तपासा, पक्कं बिल मागा. सूचना चांगल्या असतात आणि आमच्या भागात पुष्कळ लोक त्यांची कात्रणं जपून ठेवतात. पण त्यांत एका वस्तूचा उल्लेख कधी नसतो, आणि ती वस्तू हल्ली माझ्या टेबलावर वरचेवर येते. बायकी मनगटाचं, जुनं, चावीचं सोन्याचं घड्याळ. कुणी ते सुनेच्या हातात घालायला विकत घेतलेलं असतं, कुणी आजीच्या पेटीतून काढून मोडीत द्यायला निघालेलं असतं. घेणारा आणि देणारा, दोघांचंही नुकसान होताना मी पाहतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी अमळनेरला घड्याळं दुरुस्त करतो. वडिलांनी सुरू केलेलं दुकान आहे. सराफीचा माझा धंदा नाही, सोन्याचा कस लावायचं काम मी सराफाकडेच पाठवतो. पण झाकण उघडल्यावर आत काय कोरलंय, मशीन कोणतं आहे, डायल मूळची आहे की रंगवलेली, हे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

आधी कायद्याचं सांगतो, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. मात्र २०२१ मध्ये सक्ती जाहीर करतानाच सरकारने काही वस्तू तिच्यातून वगळल्या. घड्याळं, फाउंटन पेन, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाचे दागिने. म्हणजे सोन्याचं घड्याळ विकणाऱ्यावर भारतीय हॉलमार्क दाखवण्याचं बंधन नाही, आणि साठ वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडहून आलेल्या घड्याळावर तो असणारही नाही. गिऱ्हाईक मोबाइलमधलं हॉलमार्क तपासायचं बीआयएस केअर अ‍ॅप उघडून काउंटरवर उभं राहतं, तिथे टाकायला क्रमांकच नसतो. मग दुकानदार म्हणेल ते खरं. जळगावच्या सोन्याचं नाव शुद्धतेसाठी देशभर घेतलं जातं. त्या नावावर विसंबून लोक घड्याळही त्याच भरवशाने घेतात. पण ज्या तपासणीने तो भरवसा कमावला, ती घड्याळाच्या वाट्याला आलेलीच नसते.

पारोळ्याकडच्या एक आक्का माझ्याकडे आल्या होत्या. पदराच्या टोकाला घड्याळ बांधलेलं. "भाऊ, हाई सोनानं शे ना? नातसूनले देवानं शे." एका मोठ्या गावातून त्यांनी ते घेतलं होतं, दुकानाचं नाव इथे लिहिणं योग्य नाही. काळ्या दोरीच्या पट्ट्यातलं गोल, एक रुपयाच्या नाण्याहून लहान. मी पट्टा काढला, झाकण उघडलं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, आत १८ कॅरेटचे मार्क स्वच्छ दिसत होते, केस बनवणाऱ्याची खूण होती, अनुक्रमांक होता. सोनं खरं होतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. मग विचारलं, भाव कसा लावला? तर पट्टा काढलेलं अख्खं घड्याळ काट्यावर ठेवलं, ११ ग्रॅम भरलं, आणि त्या दिवसाच्या २२ कॅरेटच्या दराने पैसे घेतले.

मी त्यांच्यासमोरच मशीन, डायल, काटे, काच आणि चावीचं बटण बाहेर काढलं आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर नुसती केस ठेवली. ६ ग्रॅम. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, तेव्हा त्या केसमध्ये शुद्ध सोनं साडेचार ग्रॅम. २२ कॅरेटच्या हिशेबाने ११ ग्रॅमचे पैसे म्हणजे दहा ग्रॅमहून थोड्या जास्त शुद्ध सोन्याचे पैसे. आक्कांनी दुपटीहून अधिक दिले होते, आणि त्यातला मोठा भाग पोलाद, पितळ आणि काच यांच्यासाठी. वस्तू खोटी नव्हती, वजन खोटं धरलं होतं. मी वजनं कागदावर लिहून दिली. दुकानदाराने काही रक्कम परत केली, पण बिल नसल्यामुळे किती करायची ते त्यानेच ठरवलं.

हा प्रकार मला खोट्या सोन्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो. पोत किंवा पाटली विकताना सराफ लाख, मणी, खडे यांचं वजन वजा करतो. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं आणि तो करून घेतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र मशीन वजा करायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण झाकण बंद असतं आणि ते उघडलं तर घड्याळ बिघडेल अशी भीती असते. ती भीती बाजूला ठेवा. जाणता कारागीर योग्य हत्याराने झाकण उघडतो आणि पुन्हा बसवतो, त्यात घड्याळाचं काही बिघडत नाही. दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर ते घड्याळ घेऊ नका. विक्रेता ओळखीचा असला, नात्यातला असला तरी.

आता आत काय पाहायचं. सोन्याच्या शुद्धतेचा आकडा हा पहिला. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ३७५ म्हणजे ९ कॅरेट. आपल्याकडे २२ कॅरेटची सवय असल्यामुळे लोकांना वाटतं की परदेशी घड्याळ म्हणजे त्याहूनही चोख. तसं नसतं. सोन्याच्या घड्याळाची केस बहुधा १८ किंवा १४ कॅरेटची असते आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या कित्येक बायकी घड्याळांची केस ९ कॅरेटची आहे, म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. त्यात फसवणूक काही नाही, तिथली तीच पद्धत आहे. फक्त पैसे त्या हिशेबाने द्यावेत.

नुसत्या आकड्यावर थांबू नका. आकड्याचा शिक्का कुणीही मारू शकतो. स्विस केसवर १९९५ पूर्वी १८ कॅरेटसाठी हेल्वेशियाचं, म्हणजे एका स्त्रीचं, छोटं डोकं ठोकलेलं असे आणि १४ कॅरेटसाठी खार. १९९५ पासून त्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. फ्रान्सच्या १८ कॅरेटच्या केसवर गरुडाचं डोकं असतं. इंग्लंडच्या केसवर तपासणी कुठे झाली त्या शहराची खूण असते, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर किंवा लंडनचं बिबळ्याचं तोंड, आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. ही चित्रं मोहरीच्या दाण्याहून मोठी नसतात, भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पुष्कळदा जुन्या घड्याळांना इतक्या वेळा पॉलिश झालेलं असतं की बाहेरचे मार्क झिजून नुसता खड्डा उरतो. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूचे पाहायचे, तिथे पॉलिशचा बफ पोचत नाही. झाकणावर आणि केसच्या कड्यावर दोन्हीकडे मार्क आहेत का, तेही पाहायचं. झाकण एका घड्याळाचं आणि कडं दुसऱ्याचं, असंही मी पाहिलं आहे.

काही अक्षरं मात्र वाचताक्षणी सावध व्हावं अशी असतात. गोल्ड फिल्ड, रोल्ड गोल्ड, गोल्ड प्लेटेड, किंवा नुसता '२० मायक्रॉन' असा आकडा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा २० मायक्रॉन म्हणजे पितळेवर दोन शतांश मिलिमीटर सोन्याचा थर. आपल्याकडे याला सरसकट रोल गोल्ड म्हणतात. यात एक खाच आहे. जुन्या अमेरिकन केसवर '१४ कॅरेट' ठळक आणि 'गोल्ड फिल्ड' बारीक लिहिलेलं असतं. लोक पहिलं वाचतात आणि दुसरं सोडतात. त्याच केसच्या आत कधी '२० वर्षांची हमी' किंवा '२५ वर्षांची हमी' असं इंग्रजीत कोरलेलं सापडतं. गिऱ्हाइकाला ते मानाचं वाटतं, पण ती हमी सोन्याचा थर तेवढी वर्षं झिजणार नाही याची आहे. भरीव सोन्याला अशी हमी लिहायची गरजच नसते. आणि पाठीमागे 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर वरचा भाग बहुतेक मुलाम्याचाच असतो.

मार्क काहीच दिसत नसतील तर झिजलेल्या जागा बघा. जिथे पट्टा अडकतो ते चार कान, बाहीला घासणारी कड, चावीच्या बटणाच्या खालची जागा. मुलामा तिथे आधी जातो आणि खालून पांढरा किंवा लालसर धातू डोकावतो. भरीव सोन्याची केस कितीही झिजली तरी आत-बाहेर एकाच रंगाची राहते.

कस लावण्याबद्दल दोन शब्द सराफ मंडळींसाठीही. घड्याळाच्या दर्शनी भागावर कसोटीचा दगड घासू नये, तो ओरखडा कायमचा राहतो. कस कानाच्या आतल्या बाजूने लावावा, आणि तेजाबाची परीक्षा करायची तर मशीन आधी बाहेर काढावं, कारण त्याच्या वाफेने पोलादी भाग गंजतात. हल्ली सराफ बाजारात क्ष-किरणाचं मशीन असतं, दागिना आत ठेवला की पडद्यावर टक्केवारी येते. हे मशीन पृष्ठभाग वाचतं. मुलामा जाड असेल तर त्याचा आकडा चांगला येऊ शकतो. म्हणून वाचन झाकणाच्या आतून आणि झिजलेल्या कडेवर, दोन ठिकाणी घ्यायला सांगावं. आणि कृपा करून कुणी लोहचुंबक लावून पाहू नये. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पितळही चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. उलट मशीनमधली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली जाते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. असं भारलेलं घड्याळ घेऊन येणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात आणि विचारतात, कालपर्यंत बरोबर चालत होतं, आज काय झालं?

पट्ट्याचा हिशेब वेगळा. केस सोन्याची म्हणून पट्टाही सोन्याचा, असं धरून चालू नये. पट्टा बहुतेक वेळा नंतर बदललेला असतो. मनगटावर ताणून चढवायचा स्प्रिंगचा पट्टा असेल तर त्याच्या आत पोलादी पट्ट्या असतात, वर सोन्याचा पत्रा असला तरी. ब्रिटिश ९ कॅरेटच्या अशा पट्ट्यांवर आत धातूचा गाभा असल्याचं कोरलेलंही असतं. त्याचं वजन सोन्याच्या भावाने लावणं म्हणजे लोखंड सोन्याच्या भावाने घेणं. विणलेला किंवा कड्यांचा पट्टा भरीव सोन्याचा असेल तर त्याच्या फाशावर स्वतःचा आकडा असतो. तो केसच्या आकड्याशी जुळतो का पाहावं. केस १८ ची आणि पट्टा १४ चा, हे सर्रास दिसतं.

सोनं झालं, आता घड्याळ. इथे सराफाची नजर संपते आणि आमची सुरू होते. चांगल्या कंपनीच्या घड्याळात नाव तीन ठिकाणी जुळायला हवं: डायलवर, मशीनवर आणि झाकणाच्या आत. डायलवर ओमेगा आणि मशीन निनावी, असं असेल तर ते घड्याळ ओमेगा म्हणून घ्यायचं नाही. सोन्याच्या जुन्या केसमध्ये मूळ मशीन काढून स्वस्तातलं सेलचं मशीन बसवलेलंही सापडतं. ते ओळखायला भिंगही लागत नाही. सेकंद काटा टकटक एकेक पाऊल टाकत असेल, किंवा बटण फिरवल्यावर चावी भरल्याचा दाब बोटाला लागत नसेल, तर आत सेल आहे. बायकी घड्याळाला पुष्कळदा सेकंद काटाच नसतो, तेव्हा चावीच्या बटणाने पारख करावी.

डायलचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जुनी डायल पिवळी पडते, तिच्यावर डाग येतात, आणि विक्रेत्याला ती चकचकीत हवी असते. मग ती पुसून नव्याने रंगवतात, वर नाव पुन्हा छापतात. या कामात मुंबईचं नाव परदेशातल्या घड्याळ जमवणाऱ्यांमध्येसुद्धा झालं आहे, आणि चांगल्या अर्थाने झालेलं नाही. रंगवलेली, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडलेली घड्याळं तिकडे मुंबईच्या नावाने ओळखली जातात. आपल्या कारागिरांच्या हातात इतकं कौशल्य असताना त्यांचं नाव यासाठी घेतलं जावं, याचं मला वाईट वाटतं. पारख अशी: छापलेल्या अक्षरांच्या कडा भिंगाखाली धारदार आहेत की पसरट, तासांच्या खुणा एका रेषेत आहेत का, आणि सहाच्या आकड्याखालचं 'स्विस मेड' अगदी बारीक, सरळ आणि मध्यावर आहे का. मूळ डायल थोडी डागाळलेली असली तरी जाणकार तिला रंगवलेल्या डायलपेक्षा जास्त मोल देतात. तेव्हा घरातल्या घड्याळाची डायल नवी करून घेऊ नका. मी स्वतः ते काम घेत नाही.

आणखी एक समज. मशीनवर '१७ ज्वेल' लिहिलेलं वाचून काही बायका सांगतात की आत सतरा हिरे आहेत, कुणीतरी तसं सांगूनच विकलेलं असतं. ते कारखान्यात बनवलेले कृत्रिम माणकाचे दाणे असतात, चाकांच्या टोकांची झीज थांबवण्यासाठी बसवलेले. यंत्र म्हणून त्यांची गरज मोठी, पण रत्न म्हणून किंमत जवळपास शून्य.

मशीनची किंमत मात्र शून्य नसते, आणि आता देणाऱ्याच्या नुकसानीकडे येतो. बायकी घड्याळाचं मशीन बोटाच्या नखाएवढं असतं. ते लहान आहे म्हणून सोपं, असं समजू नये. लहान मशीन बनवणं जास्त कठीण. जेजर लकूल्तर या स्विस कंपनीने १९२९ मध्ये बनवलेलं १०१ क्रमांकाचं मशीन सगळं मिळून एक ग्रॅमच्या आसपास आहे, आणि १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकात तिच्या मनगटावर त्याच मशीनचं घड्याळ होतं. असं काही खानदेशातल्या पेटीत निघेल असं मी म्हणत नाही. पण ओमेगा, टिसो, फेवर लुबा, वेस्ट एंड ही घड्याळं इथल्या घरांत आहेत. मिलच्या, कापसाच्या, व्यापाराच्या पैशातून मुंबईहून आलेली. ती मोडीत दिली की सराफ केस मुशीत टाकतो, आणि चालू मशीन बाजूला ठेवतो किंवा फेकतो. माझ्या दुकानात एक पूर्ण खण अशा मशीनांनी भरला आहे. कित्येक आजही चालतात, पण त्यांना घालायला केस नाही. काहींच्या झाकणाआड आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी सुईने दुरुस्तीची तारीख कोरलेली असणार, आमची ती पद्धत आहे. झाकण वितळलं की तीही गेली.

म्हणून मोडीत द्यायच्या आधी दोन किमती काढा. सोन्याची किंमत हा तळ, त्याखाली घड्याळ जाऊ नये. त्यावर कंपनीचं नाव, मूळ डायल, मूळ मशीन, मूळ पट्टा, डबी आणि हमीपत्र यांचं मोल. हे सांगताना खोटी आशा लावणार नाही. बहुतेक लहान बायकी घड्याळांना सोन्याच्या किमतीवर फार थोडे पैसे मिळतात, कारण मोठ्या पुरुषी घड्याळांमागे धावणारे लोक अधिक आहेत. पण नाव मोठं आणि सगळं मूळचं असेल तर फरक चांगलाच पडतो. काही स्विस कंपन्या शुल्क घेऊन आपल्या जुन्या दप्तरातून त्या क्रमांकाच्या घड्याळाचा उताराही देतात. कागद आणि डबी टाकू नका. अमळनेरला हे समजावून सांगावं लागू नये. १९४५ मध्ये इथे वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो कंपनी झाली, आणि त्याचे शेअर ज्यांनी जपून ठेवले त्यांची घरं पुढे विप्रोच्या नावाने उभी राहिली.

एचएमटीबद्दल लोक फार विचारतात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला ही घड्याळं बनू लागली आणि कितीतरी मुलींना ती लग्नात मिळाली. त्यातली रोजच्या विक्रीतली पिवळी घड्याळं मुलाम्याची आहेत. सोनं म्हणून विकायला नेऊ नका आणि सोनं म्हणून घेऊही नका. माझ्या मते ती चालवण्यासाठी उत्तम घड्याळं आहेत. भारतीय बनावटीचं भरीव सोन्याचं घड्याळ हवं असेल तर टायटनने नेब्युला या नावाने १८ कॅरेटची बनवली आहेत, तिथे कागदपत्र मिळतं.

घेतल्यावर चालवायचं असेल तर दुरुस्तीचा खर्चही किमतीत धरा. आपल्या उन्हाळ्यात पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळाचं तेल सुकून चिकट होतं. ते चालू असलं तरी साफसफाई आणि तेलपाणी केल्याशिवाय रोज चावी देऊ नये, चाकं घासून जातात. इतक्या लहान मशीनचे सुटे भाग नवे मिळत नाहीत, दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढावे लागतात. हे काम करणारे हातही आता खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत थोडेच उरले आहेत. फोटो पाहून मोबाइलवरून घेणाऱ्यांनी तर झाकणाच्या आतला, मशीनचा आणि मार्कांचा जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. "आमच्या आजीचं आहे" हा पुरावा होत नाही.

माझी मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या सराफ संघटनांकडे आहे. सक्ती नाही म्हणून थांबण्याचं कारण नाही, आपण आपल्यासाठी पद्धत ठरवू शकतो. सोन्याचं घड्याळ विकताना झाकण गिऱ्हाइकासमोर उघडावं. बिलावर मशीन काढलेल्या केसचं वजन आणि कॅरेट, पट्ट्याचं वजन आणि कॅरेट, मशीनचं नाव आणि क्रमांक, आणि घड्याळ म्हणून लावलेली जास्तीची रक्कम, हे सगळं वेगवेगळं लिहावं. त्या बिलावर पुढे वाद झाला तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करायलाही काही आधार राहील. मोडीत घेताना मशीन, डायल आणि काटे पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यावेत. त्याने सोनं विकलेलं असतं, मशीनचे पैसे त्याला मिळालेले नसतात. आणि आपल्या दैनिकाने पुढच्या वेळी सोनं खरेदीच्या सूचना छापताना घड्याळाला हॉलमार्कची सक्ती नाही, एवढी एक ओळ त्यात घालावी.

बिलाचा असा नमुना करायचा असेल तर घड्याळाच्या बाजूचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी कधीही दुकानावर यावं.

आपला नम्र,
एक घड्याळ दुरुस्तीकार
अमळनेर, जि. जळगाव